आबांच्या मांडीतला तुकडा

"वाड्यावस्त्यांवरचे लोक बरे असतात. सही कुठं म्हटलं की तिथं करतात. प्रश्न नाहीत, कटकट नाही." सर असं म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "तू त्यांच्यातलीच ना? म्हणून तर तुला नमुने आणायला पाठवतो."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पुण्यातल्या सरांच्या प्रयोगशाळेतली सोमवारची बैठक होती. समोर पडद्यावर रंगीत ठिपके. स्नायूचा धागा लांबलचक असतो, एकेका धाग्यात शेकडो केंद्रकं. अख्खा धागा आमच्या यंत्रात मावत नाही. म्हणून आम्ही केंद्रकं सुटी करतो आणि एकेकात कुठली जनुकं जागी आहेत ते वाचतो. एक ठिपका म्हणजे एक केंद्रक. नमुना नऊमध्ये झीज भरून काढणाऱ्या पेशींचा पुंजका पार रोडावला होता. चरबी करणाऱ्या पेशी मात्र माजल्या होत्या.

"सुंदर डेटा आहे," सर म्हणाले.

नमुन्यांना नावं नसतात, नुसते आकडे. पण नऊ नंबर कोण ते मला ठाऊक होतं. नमुना नऊ म्हणजे माझे वडील.

आम्ही लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याचे. बौद्ध. वस्ती गावाच्या कडेला. आबा लोणावळ्यात एका बंगल्यावर माळी होते. चाळिशीतच त्यांच्या मांड्यांतलं बळ जायला लागलं. खाली बसले की स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उठायचे. एकदा कुंडी घेऊन पायरीवरून पडले. मालक पाहुण्यांसमोर ओरडला, "पिऊन आलास का रे?" आबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. ते खाली बसून खापऱ्या गोळा करत राहिले. महिन्याभरात काम गेलं. गावातही तेच. आबा म्हणजे कामचोर, नाहीतर बेवडा.

मीच त्यांना नमुना द्यायला लावलं. हॉस्पिटलात मांडीतून वाटाण्याएवढा तुकडा काढायचा होता. तो निघाल्या निघाल्या गोठवावा लागतो, नाहीतर आतलं सगळं नासतं. द्रव नायट्रोजनचं भांडं तयार. डॉक्टर घाईत. मीही घाईत. संमतीपत्र चार पानांचं, कोर्टकचेरीच्या मराठीतलं. मी शेवटचं पान उघडलं आणि म्हणाले, "आबा, हितं सही करा."

त्यांनी केली. प्रश्न नाही, कटकट नाही. सरांचं वाक्य मीच खरं करून दाखवलं होतं.

बैठकीनंतरच्या शनिवारी घरी गेले. ओट्यावर बसून चारही पानं आबांना वाचून दाखवली, आमच्या बोलीत. दोन तास लागले.

"ह्यात लिवलंय आबा, तुमाला कवाबी न्हाई म्हणता येतं."

"ते ऱ्हाऊ दे. घावलं काय त्यात?"

"मांडीचं मांस झिजतंय. आतली दुरुस्तीच थकलीया. आजार हाय त्यो. दारू न्हाई, आळस न्हाई."

आबांनी चारही पानं माझ्या हातातून घेतली, नीट घडी घातली. मग म्हणाले, "तुजा सायेब हितं यिऊन सांगंल का? चार मान्सांत? सांगत आसंल तर ऱ्हाऊ दे तुकडा. न्हाईतर काढून घे."

सोमवारी मी सरांच्या टेबलापुढं उभी राहिले. "नमुना नऊ माझे वडील आहेत."

सर जराही ओशाळले नाहीत. "मग तर तुला अभिमान वाटायला हवा."

आबांचं मागणं सांगितलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. कुरवंड्याला यायचं, चार माणसांत बोलायचं, चहा घ्यायचा.

"आपण निकाल वाटत फिरत नाही. आणि त्यांना काय कळणार आहे त्यातलं?"

मी कागद पुढं केला. संमती मागं घेण्याचा अर्ज. खाली आबांची सही, या वेळी ऐकून, विचारून केलेली.

आता सरांचा आवाज चढला. "दीड वर्षाचं काम आहे. पेपरवर तुझं नाव आहे!"

"माझं नाव काढा."

 मीच फ्रीझरमधला उरलेला तुकडा काढला, तो नष्ट केल्याची नोंद केली आणि पडद्यावरून नमुना नऊ पुसला. हजारो ठिपके एका बटणासरशी गेले. ते आबांचे होते. माझेही होते. मला भयंकर वाईट वाटलं.

माझा करार पुढं वाढला नाही. आबांना येऊन सांगणारा साहेब अजून उगवलेला नाही. गाव अजून त्यांना कामचोरच म्हणतं, आणि त्यांना आता ओट्यावरूनही उठवत नाही.

कार्ल्यापासून कुरवंड्यापर्यंत वस्ती-वस्तीत मी ती चार पानं घेऊन जाते. ओळ न् ओळ वाचते. सांगते, "सुई घालणाऱ्याला आधी इचारा, घावलं काय ते सांगायला येनार का? येनार नसंल तर सही न्हाई."

सरांना नमुने लागणारच आहेत. त्यांनी यावं. आता इथं प्रश्न असतील. कटकट तर असणारच आहे.