धाकटीच्या खांद्याचं माप

थोरलीला कुणी विचारलं असतं, बाई गं, तुझ्या पोटात नेमकं काय दुखतं, तर तिने आढेवेढे न घेता सांगितलं असतं, की तिची बहीण दुसऱ्या एका बाईला ताई म्हणते. आजवर या हाकेला 'ओ' देणारी जगात एकच, अशी तिची पक्की समजूत होती. पण धाकटी परदेशात शिकायला गेली आणि वर्षभरात तिथे तिला आणखी एक ताई मिळाली. फोनवर दर दोन वाक्यांनी तीच. ताईने सायकल दुरुस्त करून दिली. ताई म्हणते थंडीत कान झाकत जा. ताईने मला पोहायला शिकवलं.

हे शेवटचं तर थोरलीच्या फारच वर्मी लागलं. धाकटीला लहानपणी तिने कधी पाण्याच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं. सहलीला गेली तरी काठावर बसून चपला सांभाळायच्या, हा नियम. आणि आता कुठल्या कोण बाईने तिला सरळ तलावात ढकललं. धाकटीने फोटो पाठवला होता. त्यात ती ओल्या केसांनी हसत होती आणि शेजारी एक ताडमाड बाई उभी होती. थोरलीने त्याच क्षणी मनातल्या मनात बारसं उरकून टाकलं. ताडमाड.

थोरली शिवणकाम करायची. घराच्या खालच्या अंगाला तिचं दुकान, एक मशीन, कापायचं लांब टेबल आणि भिंतीभर लटकलेले शाळांचे गणवेश. बोट ठेवायला कुणाला जागा नाही असं काम, आणि नाकावर माशी बसू देणार नाही असा राग. लग्नाचं तिने मनावर घेतलं नाही. घेतलं असतं तरी नवऱ्याचं कठीणच होतं, असं तिची आईच म्हणायची. धाकटी जन्मली तेव्हा थोरली मोठ्या शाळेत जायला लागली होती. तेव्हापासून धाकटीच्या अंगावर चढलेला प्रत्येक कपडा थोरलीच्या हातचा. तिचं माप तिने कधी घेतलंच नाही. डोळ्यांनीच कापायची आणि कपडा अंगावर असा बसायचा, की शेजारणींनी वळून बघावं.

तर झालं असं, की धाकटीच्या त्या शहरात दरवर्षी एक मोठा उत्सव भरायचा. शनिवार-रविवार रस्ते गाड्यांना बंद, चौकाचौकात गाणीबजावणी आणि शनिवारी संध्याकाळी मिरवणूक. यंदा धाकटी आणि तिचे दोस्त त्या मिरवणुकीत ढोल वाजवत चालणार होते. धाकटीचा फोन आला, "ताई, आमच्यासाठी निळे डगले शिवून देशील? पायघोळ. आणि तूच घेऊन ये ना! ये गं, मजा येईल."

थोरली एवढ्यावर विरघळली. पण आईने वेगळंच काम लावलं. "जातेस तशी तिला समोर बसवून विचार," आई म्हणाली. "शिक्षण संपलं की घरी येते आहे ना? फोनवर विचारलं की तिला नेमकं ऐकू येईनासं होतं." दुकानाच्या वरची खोली थोरलीने धाकटीसाठी रंगवून ठेवली होती. त्या खोलीत कुणी राहायला येणार की नाही, एवढ्या एका प्रश्नासाठी थोरली आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायला तयार झाली.

मापं फोनवर आली. चौघांची, नीट मांडून. थोरलीने तीन डगले बरहुकूम कापले. चौथं माप वाचलं आणि ती मोठ्यांदा हसली. "हा खांदा माझ्या बहिणीचा? हा हमालाचा खांदा आहे!" मापं कुणी घेतली ते खाली लिहिलंच होतं. ताईने घेतलीत. मग तर प्रश्नच मिटला. जिला धड टेप धरता येत नाही ती आता मला माझ्या बहिणीचं माप शिकवणार! थोरलीने ते माप बाजूला सारलं आणि डोळ्यांसमोरच्या धाकटीचा डगला कापला.

शनिवारी दुपारी धाकटीच्या खोलीवर सगळे जमले. खोली कसली, खुराडं. दोन पलंग, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेले मोजे आणि कोपऱ्यात चार ढोल. यातला एक पलंग ताडमाडचा. आयत्या बिळावर नागोबा, थोरली पुटपुटली. ताडमाड फोटोतल्यापेक्षाही उंच निघाली, वयाने थोरलीएवढीच, नोकरी सोडून पुन्हा शिकायला आलेली. दारातच तिने थोरलीची पिशवी हातातून घेतली. "तुम्ही बसा. दमला असाल." थोरलीला आणखी राग आला. निदान खाष्ट तरी असायचं होतं मेलीने.

बाकी दोघे मुलगे होते. एक चष्म्या, दुसरा सारखा खात असायचा म्हणून त्याला सगळे कोठार म्हणायचे. दोघांनी डगले चढवले आणि आरशासमोर मिरवायला लागले. ताडमाडलाही तिचा चपखल बसला. "काय हात आहे हो तुमचा!" ती म्हणाली. मग धाकटीने हात घातले. एक बाही गेली. दुसरी दंडापर्यंत जाऊन अडली. धाकटीने श्वास रोखून पाठ आवळली, तशी पाठीतून टर्रकन आवाज आला.

चष्म्या आणि कोठार आरशासमोरून बाजूला सरकले.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "मापं पाठवली होती ना?"

थोरली बघतच राहिली. समोर उभ्या मुलीचे खांदे खरोखरच रुंद झाले होते. वर्षभर रोज पोहून भरलेले, चांगले खणखणीत खांदे. आल्यापासून तिला मिठी मारली, गालावरून हात फिरवला, पण हे काही डोळ्यांना दिसलं नव्हतं. चूक सरळ दिसत होती. पण ती ताडमाडच्या देखत कबूल करायची? त्यापेक्षा जीभ तुटलेली बरी.

"माप घेणारीचं चुकलं असेल," थोरली म्हणाली.

आता भांडण होणार, म्हणून तिने पदर खोचावा तशी तयारी केली. पण ताडमाड नुसती मान हलवून म्हणाली, "असेल हो. मला कुठे कळतंय त्यातलं." आणि वर, "माझा डगला पायात येतोय, त्याचं खालचं कापड कापून हिच्या पाठीत घालता येईल का?"

भांडायचीही सोय नाही! थोरलीने कात्री काढली. पाठीत उभी पट्टी आणि काखेत दोन तुकडे, एवढं केलं की काम होणार होतं. त्यासाठी ताडमाडच्या डगल्याचं चार बोटं कापड पुरेसं होतं. हे थोरलीला झोपेतही कळलं असतं. तिने खडूने रेघ ओढली ती एक वीत वर. मग हात जरासा थांबला. जरासाच. तिने कात्री चालवली आणि तो पायघोळ डगला गुडघ्यावर आला.

"थोडा आखूड झाला," ती म्हणाली.

"वाजवायला मोकळं," ताडमाड म्हणाली.

थोरलीने खिडकीपाशी बसून सगळं हाताने शिवलं. धाकटीने दोरा ओवून दिला, लहानपणी द्यायची तसा, आणि तेवढा वेळ थोरलीला बरं वाटलं. नेमक्या त्या वेळी प्रश्न ओठांवर आला होता. पण चष्म्या ढोल आवळत होता, कोठार खात होता आणि ताडमाड जवळच बसून टाके निरखत होती. तिच्यासमोर कोण विचारणार?

संध्याकाळी रस्ता माणसांनी फुलून गेला होता. दुकानांवरून दिव्यांच्या माळा सोडलेल्या, बापांच्या खांद्यावर पोरं, खिडक्याखिडक्यांतून डोकी. थोरलीला अगदी कठड्याजवळ जागा मिळाली. मिरवणूक आली, निळे डगले दिसले आणि ती टाचा उंचावून बघायला लागली. धाकटी काय वाजवत होती! दोन्ही हात डोक्यावर नेऊन टिपरू असं हाणायची, की लोक आपोआप ताल धरायचे. काखेतला टाका कुठे ओढत नव्हता. हिने घरात कधी ताट-वाटी वाजवली तरी थोरली खेकसायची. ही कला हिच्यात होती कुठे?

पण धाकटी दर आवर्तनाला मान वळवून ताडमाडकडे बघायची. ताडमाड भुवई उडवायची आणि ताल बदलायचा. नुसत्या भुवईवर! थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यात तो आखूड डगला. थोरलीला वाटलं होतं, लोक हसतील. लोक हसलेही. तशी ताडमाडने आपले लांबच लांब पाय गुडघ्यापासून उडवून असं काही नाचायला सुरुवात केली, की सगळा रस्ता टाळ्या पिटायला लागला. पोरं तिची नक्कल करायला लागली. करायला गेले एक आणि झालं भलतंच, म्हणतात ते हेच.

चौकात ढोल थांबले. धाकटी घामाघूम होऊन ओरडली, "ताई! ताई, पाणी!"

थोरलीकडे बाटली होतीच. ती कठड्यावरून अर्धी ओणवी झाली, हात लांब केला, "हे घे!" म्हणून ओरडली. धाकटीची तिच्याकडे पाठ होती. ताडमाडने कमरेची बाटली काढून तिच्या तोंडाला लावली. धाकटी घटाघटा प्यायली आणि ढोल पुन्हा सुरू झाले. थोरलीने बाटली परत पिशवीत ठेवली. शेजारची अनोळखी म्हातारी तिच्याकडे बघून हसली, तर तिने तिच्याकडेही रागाने पाहिलं.

रविवारी सकाळी धाकटी चष्म्या आणि कोठारबरोबर भाड्याचे ढोल परत करायला गेली. स्वयंपाकघरात थोरली आणि ताडमाड दोघीच. एक कप विसळत होती, दुसरी पुसत होती. दुपारी उत्सवात नावेतून फेरी मारायची ठरली होती आणि संध्याकाळी थोरलीचं विमान. प्रश्न तसाच राहिला होता. आणि थोरलीला आता एक गोष्ट पक्की कळून चुकली होती. धाकटीच्या मनात काय आहे ते या बाईला ठाऊक आहे. सकाळपासून ती जरा जास्तच जपून बोलत होती.

थोरली कप विसळत राहिली. हातातला कप केव्हाच स्वच्छ झाला होता. ज्या बाईला आपण वर्षभर पाण्यात पाहिलं तिलाच आपल्या सख्ख्या बहिणीबद्दल विचारायचं, यापेक्षा विहीर जवळ करावी. पण आई घरी वाट बघत होती.

"माप बरोबर होतं तुमचं," थोरली म्हणाली. कुठून तरी सुरुवात करायला हवी होती.

"माहीत आहे," ताडमाड म्हणाली. "दोनदा घेतलं होतं. तुम्ही नावं ठेवाल म्हणून."

"आणि तुमचा डगला मी मुद्दाम आखूड केला."

"तेही माहीत आहे," ताडमाडने कप फळीवर ठेवला. "तेवढी पट्टी मलाही दिसत होती."

थोरलीचे कान तापले. पण आता माघार कसली? "धाकटी घरी येणार नाही ना? शिक्षण संपल्यावर?"

ताडमाडने पुढचा कप पुसायला घेतला. मग म्हणाली, "हे तिने तुम्हाला सांगायचं आहे."

"तुम्हाला सांगितलंय की!" थोरलीचा आवाज चढला. "मी तिला हातावर वाढवलं. आणि सांगितलं कुणाला? तर तुम्हाला. आधी तुम्हाला!"

"मला सांगणं सोपं आहे हो," ताडमाड म्हणाली. ती पहिल्यांदाच जरा तोडून बोलली. "मी नाराज झाले तर तिचं काय जातंय? मला सांगितलं आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. तुम्हाला सांगायचं आहे म्हणून मात्र महिनाभर धड झोपलेली नाही. रात्री उठून फेऱ्या मारते. तुम्हाला तिचा ताप नुसता फोनवर होत असेल, मला इथे एका खोलीत होतो. तुमच्यासाठी जागते तशी ती माझ्यासाठी कधीच जागणार नाही. मलाही वाटतं की कधीकधी काहीतरी."

एवढं बोलून ती पुसलेले कप पुन्हा पुसायला लागली.

जिन्यावर पावलं वाजली. थोरली हात न पुसताच बाहेर आली. धाकटी दोन पायऱ्या खाली होती, मागे मुलगे हसत-खिदळत येत होते. थोरलीचा चेहरा बघून ती तिथेच थांबली. मुलगे मुकाट्याने बाजूने वर निघून गेले.

"येणार नाहीस ना तू घरी?" थोरली म्हणाली.

धाकटीने कठडा धरला. "इथे काम मिळतंय, ताई. पाणी शुद्ध करायच्या कारखान्यात. मला ते काम फार आवडतं. मी तुला सांगणारच होते. तू आलीस की सांगायचं असं ठरवलं होतं, पण तू आलीस आणि..." तिच्या डोळ्यांखाली काळं पडलेलं होतं. थोरलीने काल आल्यापासून ते बघितलंच नव्हतं, खांदे बघितले नव्हते तसंच.

थोरलीला वाटलं, आता आपण कोसळणार. वरची रंगवलेली खोली, आई, सगळं एकदम समोर आलं. रडू फुटलंच. पण त्या रडण्यात, सांगायलाही लाज वाटावी असा एक आनंद होता. ही पोर महिनाभर जागली ती आपल्यासाठी. त्या बाईसाठी नव्हे.

ती दोन पायऱ्या उतरली आणि धाकटीचे दोन्ही रुंद खांदे धरून तिला गदागदा हलवलं.

"पुढच्या वेळी आधी मला सांगायचं," ती रडत रडत म्हणाली. "मी ओरडेन. दोन दिवस जेवणार नाही. आईजवळ तुझ्या नावाने बोटं मोडेन. पण आधी मला. कळलं?"