न बोललेली जाहिरात

चिक्कडपल्लीच्या हॉटेलात माझी आणि एका नटाची नेहमी गाठ पडायची. ते सिनेमात छोटी कामं करायचे, मराठी नाटकांत मोठी, आणि डबिंगमध्ये राजापासून राक्षसापर्यंत सगळ्यांना आवाज द्यायचे. बसल्या जागी पाय हलवत राहायचे; चहासुद्धा दर वेळी नव्या आवाजात मागवायचे.

परवा टीव्हीवर तेलाची जाहिरात लागली.

“साब, ये तो आपकीच आवाज है!” गल्ल्यावरचा मालक खुशीत ओरडला.

ते ताडकन उठले. “हे मी बोललेलोच नाही. मशीनवर बनवलाय माझा आवाज!”

दारापर्यंत दोन फेऱ्या मारून ते परत बसले. मी धीर देणार, तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मोबाइलवर गेली.

“रेकॉर्डिंग चालू नाही ना?”

दहा वर्षांची आमची ओळख. मी मोबाइल बंद करून दाखवला, तेव्हा कुठे ते बोलू लागले. पण अगदी सपाट, कुणाच्याच नसलेल्या आवाजात.