काळ्यावरचं पांढरं

सिग्नल लाल झाला, तशी मी नेहमीसारखी गाडी थोडी पुढेच, झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर नेऊन उभी केली. आमच्या गावात सगळे असेच थांबतात. डावीकडच्या फुटपाथवरून एक वयस्क बाई उतरल्या. मान खाली घालून एकेका पांढऱ्या पट्ट्यावर जपून पाऊल टाकत आल्या आणि माझ्या बॉनेटला धडकल्या. माझी गाडी पांढरी आहे.

शेजारचा रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, दिसत नाही का?"

हे आपण येता-जाता विचारतो, पण उत्तर कुणाला हवं असतं? ती एक सभ्य शिवीच. बाईंना मात्र तो खराच प्रश्न वाटला. आवाजाच्या दिशेने वळून त्या म्हणाल्या, "दिसतं की थोडं थोडं. काळ्यावरचं पांढरं तेवढं कळतं. मला वाटलं, हाही पट्टाच आहे."

अख्ख्या रस्त्यावर त्यांना वाचता येईल अशी ही एकच ओळ होती, आणि तिच्यावर मी चाकं ठेवून बसलो होतो. मागे सरकायला जागा नव्हती. मी काच खाली केली.

बॉनेट चाचपत, वळसा घालून त्या पलीकडे गेल्या. जाताना माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला बघत हात जोडून म्हणाल्या, "थांबलात हो माझ्यासाठी. बरं झालं."

सिग्नल हिरवा झालेला मला कळलाच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, दिसत नाही का?"