येळवशीची चूल

सासूबाईंना दम लागतो, हा आमच्या घरात कुणी आजार मानलाच नव्हता. हिवाळ्यात छातीत घरघर व्हायची, सकाळी खोकला सुटायचा, घट्ट बेडका पडायचा आणि कुणीतरी म्हणायचं, थंडी बाधली. औशाला जाऊन इंजेक्शन घेतलं की त्या परत चुलीपुढं. बाईनं उभ्या जन्मात बिडीला हात लावला नाही, मग फुप्फुसाचा आजार होईलच कसा? चुलीत तुरीच्या तुराट्या. भसकन पेटतात अन् तशाच विझतात, म्हणून त्यांच्या हातात सारखी फुंकणी. त्या धुराचा संशय कुणालाच आला नाही.

कळलं ते येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला. त्या दिवशी आमच्याकडे अख्खं गाव रानात जेवायला जातं. अंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन सासूबाई दरवर्षी पुढं चालायच्या. त्या वर्षी बांधावरच मटकन बसल्या. ओठ निळे पडले होते.

लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. "फुंका आजी, जोरात, अजून!" जन्मभर चूल फुंकलेली बाई, पण श्वास मध्येच संपायचा. त्या इतक्या ओशाळल्या की मलाच रडू आलं. डॉक्टर म्हणाले, धुरानं श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते राखायचं. बरं वाटलं तरी औषधाचा पंप रोज तोंडानं ओढायचा. बेडक्याचा रंग बदलला किंवा दम वाढला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि चूल बंद.

मी खुळी, खूश झाले. वाटलं, रोग सापडला म्हणजे इलाज झालाच.

सासूबाई पंप कुंकवाच्या डब्यात जपून ठेवायच्या. "आता बरं हाय की मला. उगं कशाला उडवू?" मी भांडायचे, त्या हसायच्या. गॅसवरची भाकरी सासऱ्यांना आवडेना. ते एका शब्दानं बोलायचे नाहीत, अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे. माणसानं शिव्या दिल्या तर उलट बोलता तरी येतं. आठ-पंधरा दिवसांत तुराट्या परत पेटल्या.

यंदाच्या येळवशीला मी भज्जीचं, त्या दिवसाच्या मिसळभाजीचं, पातेलं मुद्दाम गॅसवर चढवलं. सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"लक्ष्मीचा निवद हाय त्यो. गॅसवरचा चालत न्हाई."

"आत्याबाई, लक्ष्मीला काय कळतंय?"

"मला कळतंय की."

मी डाळ धुवायला मागं गेले, तेवढ्यात धुराचा वास आला. येऊन बघते तर पातेलं चुलीवर आणि सासूबाई फुंकणी तोंडाला लावून बसलेल्या. तुराट्या दवानं ओलसर होत्या. त्या फुंकत होत्या, पण वारा नळीच्या टोकापर्यंत पोचतच नव्हता. नुसता धूर दाटत होता. मग खोकल्याची उबळ आली, डोळे पांढरे व्हायला लागले. मी डब्यातला पंप काढून त्यांच्या तोंडाला लावला, पाठीला हात देऊन बसले. बऱ्याच वेळानं श्वास खाली बसला.

"उठा हितून," मी ओरडले. "मरायचंय का?"

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला होता. आवरलं का म्हणून सासरे विचारत होते. सासूबाईंनी जाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि फुंकणी माझ्यापुढं धरली.

"मग तू फुंक."

ती फुंकणी मोडून चुलीत घालावी इतका संताप आला मला. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी नाही म्हटलं असतं तर त्या परत बसल्या असत्या. मी पाटावर बसले आणि फुंकलं. जाळ भडकला. धुराचा लोट सरळ माझ्या छातीत गेला आणि मी खोकत सुटले.

सासूबाई मागून माझी पाठ चोळत होत्या. "हुतं तसं पयल्यांदा," त्या मायेनं म्हणाल्या. "हुईल सवय."