बाकीच्या दिवशी एक गोळी

आमच्या शाळेतली संगणकाची शिक्षिका नोकरी सोडून गेली आणि मुख्याध्यापिकांनी आठवीचे तास मला दिले. मी गणिताची. "पायथन ही संगणकाची भाषा सोपी आहे, मुलंसुद्धा शिकतात," असं त्या म्हणाल्या. मे महिन्याच्या सुट्टीत बसून शिकले. वयाची अठ्ठेचाळीस झाली होती, पण खरंच सोपी निघाली. अट घालायची आणि काम पुन्हापुन्हा करून घ्यायचं, एवढं जमलं की बराच पल्ला गाठता येतो.

त्याच सुमारास बाबांनी साखरेची गोळी एकाच सकाळी दोनदा घेतली. आई गेल्यापासून ते नारायण पेठेत एकटेच राहतात आणि मी खराडीला. रविवारशिवाय जाणं होत नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं: रोज न्याहारीबरोबर एक गोळी, उपवास असेल त्या दिवशी अर्धी. मी ठरवलं, महिन्याचा तक्ता छापून द्यायचा. गोळी घेतली की त्यावर खूण करायची.

हातानेही लिहिता आला असता. पण नवीन विद्या होती. प्रत्येक तारखेला प्रोग्रॅम विचारणार, आज एकादशी आहे का? चतुर्थी आहे का? असेल तर अर्धी. नाहीतर, म्हणजे एल्समध्ये, एक. हेच उदाहरण मी वर्गातही दिलं. "बाकीचं सगळं एल्समध्ये," असं फळ्यावर लिहिलं.

बाबांनी चष्मा लावून तक्ता वरून खालपर्यंत वाचला.

"तीस तारखेला मी नसणार, असं ठरलंय का?"

पायथनला एक ते तीस सांगितलं की ती एकोणतीसला थांबते. हे मी मुलांना शिकवलं होतं आणि स्वतः विसरले होते. पेनने तिसावी ओळ लिहिली.

"मग या यंत्राचा उपयोग काय?" म्हणाले, पण तक्ता फ्रिजवर लावला. बाबांनी पोस्टात अडतीस वर्षं काढली. लेखी आलं की ते पाळायचं, तोंडी आलं की लेखी मागायचं.

दुसऱ्या गुरुवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. बाबा जिन्यात बसलेत, घामाने भिजलेत, काकूंनाही ओळखत नाहीत. त्यांनी साखरपाणी पाजलं होतं आणि डॉक्टरांनाही बोलावलं होतं. मी वर्ग सोडून निघाले. रिक्षाने पोचायला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात मी मनात प्रोग्रॅमची एकेक ओळ तपासत होते. चूक सापडत नव्हती.

पोचले तेव्हा बाबा कॉटवर होते, शुद्धीवर. फ्रिजवरच्या तक्त्यात त्या दिवशी व्यवस्थित खूण होती: एक गोळी.

"न्याहारी काय केलीत?"

"नाही केली. गुरुवार आहे."

"गुरुवारी तुमचा उपवास कधीपासून?"

"माझा नाही. तुझ्या आईचा." मग म्हणाले, "तिने सोळा गुरुवार धरले होते. सात झाले. आजचा धरून चार मी केले. पाच राहिलेत."

"कशासाठी धरले होते?"

"ते तिने सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही."

"आणि गोळी? तक्ता नव्हता तेव्हा गुरुवारी काय करायचात?"

"अर्धी घ्यायचो. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"मग आज पूर्ण का घेतलीत?"

त्यांनी फ्रिजकडे बोट केलं. "तू लिहून दिलंस."

गेल्या गुरुवारीही हात थरथरले होते, हे त्यांनी चहा पिताना सांगितलं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. म्हणजे माझ्या कागदाआधी हा माणूस आपलं आपण बरोबर चालवत होता. मला माहीत नसलेलं सगळं मी एल्समध्ये ढकललं होतं आणि त्याच्यापुढे 'एक गोळी' असं छापून दिलं होतं.

त्याच रविवारी नवा तक्ता केला. गुरुवारी अर्धी, अशी अट घातली आणि तिला पाचापासून उलटी मोजणी लावली. एल्समधली गोळी काढून टाकली. तिथे आता 'आधी मला फोन करा' एवढंच छापून येतं. त्यामुळे रोज सकाळी सव्वासातला फोन असतो.

"खाल्लं."

"काय?"

"उपमा."

"मग घ्या एक."

कधी मी विचारते, उपम्यात काय घातलं होतं? "हा प्रश्न कागदावर नाही," म्हणतात. खरं बोलतात की नाही, हे इथे बसून मला कळत नाही. फोनला पाच मिनिटं उशीर झाला तरी मी पोळी लाटायची थांबते.

पाच गुरुवार झाले. मोजणी शून्यावर आली, तेव्हा सहाव्या गुरुवारसमोर तक्त्याने नियमाप्रमाणे 'आधी मला फोन करा' छापलं. फोन आला.

"आज खाल्लं नाही."

"अहो, सोळा पूर्ण झाले ना?"

"झाले."

"मग?"

 मागे नळाचं पाणी वाहत होतं.

"सोडायचा कसा ते तिने सांगितलं नव्हतं."

"अर्धी घ्या," मी म्हटलं. शाळेत जाण्याआधी संगणक उघडला, गुरुवारची ओळ ठेवली आणि मोजणी खोडून टाकली.