पाळणेवाले सखाभाऊ मला मॅडम म्हणाले

बायांनो, आज डहाणूच्या किनाऱ्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते घरात सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

ठाण्याच्या विहीणबाई आल्यात. त्यांना आणि नातीला घेऊन समुद्रावर गेले. आता तिथे हवा भरलेली घसरगुंडी, बॅटरीच्या जीपगाड्या, फोटो काढायला लाल बदाम. हाताने फिरवायचा लाकडी पाळणा पार टोकाला, सुरूच्या झाडांखाली गेलाय. गिऱ्हाईक एक नाही.

एकेकाळी त्याच पाळण्याशेजारी पाटी घेऊन बसून मी ताडगोळे विकायचे. पाळणेवाले सखाभाऊ माझ्या पोराला खालच्या पेटीत निजवायचे आणि पायाने झोका द्यायचे. तेच पोर आज बँकेत साहेब आहे.

सखाभाऊंनी लांबूनच हाक मारली, "काय वहिनी, आज पाटी कुठे ठेवलीत?"

विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या ओळखीचे का?"

मी म्हटलं, "छे हो. गिऱ्हाईक मिळवायला हे कुणालाही वहिनी म्हणतात."

सखाभाऊंनी ऐकलं. नातीला उचलून पेटीत बसवलं, दांडी लावली आणि मला म्हणाले, "घाबरू नका मॅडम, हळूच फिरवतो."

किनारा बदलला म्हणून मी रोज बोटं मोडते. आज मीच त्या लाल बदामाच्या पंगतीत जाऊन बसले.

सखाभाऊंची माफी मागायची आहे. उद्या दुपारी विहीणबाई गाडीत बसल्यावर जाऊ, की सकाळी त्यांना सोबत घेऊनच जाऊ? पहिलं सोपं आहे, म्हणून तर तुम्हाला विचारते.