काकांचं हॉरिबल

‘हॉरिबल’ या शब्दाचं आजवर कुणी भलं केलं असेल, तर ते आमच्या गिरगावातल्या चाळीत, आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या काकांनी. इंग्रजांनी ज्याला फक्त वाईट गोष्टींना जुंपलं, त्या बिचाऱ्याला काकांनी चांगल्या घरांतून मानानं फिरवलं. हापूस हॉरिबल गोड, गच्चीवरचा वारा हॉरिबल गार, आणि माझी मुलगी जन्मली तेव्हा पाळण्यात वाकून, “काय हॉरिबल पोरगी आहे रे!” माझी बायको आठवडाभर फुगून होती. मी एकदा खरा अर्थ सांगायला गेलो, तर म्हणाले, “तू ‘भयंकर आवडलं’ म्हणतोस ना? मग इंग्रजीनं काय घोडं मारलंय?”

मग त्यांच्याकडे सून आली, ती थेट केरळची. तिला मराठी येत नव्हतं, यांना मल्याळम. दोघांच्या मधे काय ती इंग्रजी. नवी नवी असताना तिनं माझ्या बायकोला विचारून विचारून थालीपीठ लावलं. काकांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि अगदी मनापासून म्हणाले, “हॉरिबल, बाळा. रिअली हॉरिबल.” ती उरलेली थालीपीठं उचलून आत गेली. मुलानं तिला सगळं उलगडून सांगितलं, ती हसलीसुद्धा, पण काकांनी धसका घेतला. काकू गेल्यानंतर त्या घरात पुन्हा कुणीतरी त्यांना आग्रहानं वाढत होतं, आणि हे सुख आपण आपल्याच तोंडानं घालवू अशी त्यांना धास्ती. तेव्हापासून सगळं ‘नाइस’. हापूससुद्धा नाइस. ऐकून मलाच कसंतरी व्हायचं.

सून मात्र चुकतमाकत मराठी शिकली, काकांशी गप्पा मारण्यापुरती तर नक्कीच. आणि मग मुलाची बदली बंगळुरूला झाली. निघायच्या दिवशी टॅक्सीत सामान चढलं, आम्ही सगळे गॅलरीत उभे. तिनं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, “बाबा, करमेल ना तुम्हाला?”

काकांनी तोंड उघडलं, पण ‘नाइस’ काही बाहेर येईना. शेवटी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “आठवण येईल गं तुझी. हॉरिबल येईल.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द दोन्ही भाषांत बरोबर होता. ती डोळे पुसत म्हणाली, “मलापण तशीच येईल, बाबा.”